आकडा इंजिनाचा की गिअरबॉक्सचा?

रविवारची सकाळ, जोतिबाच्या डोंगराचा चढ आणि पुढं गाड्यांची रांग. आमच्या दाजींची चार महिन्यांपूर्वी घेतलेली टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी वीस फूट सरकायची, थांबायची, परत वीस फूट सरकायची. मागं एक टेम्पो अगदी चिकटून उभा. गाडी इंचभरही मागं जाऊ नये म्हणून दाजी ब्रेकवर पाय न ठेवता ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर तोलून धरत होते. पाच-सात मिनिटांत जळका वास सुटला. "पुढच्या ट्रकचे लायनर तापलेले दिसतात," दाजी म्हणाले. पुढं ट्रक नव्हताच, वडापची जीप होती. मग डॅशबोर्डवर सूचना आली: गिअरबॉक्स तापला आहे, गाडी थांबवा.

गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासानं सगळं पूर्ववत झालं, दर्शनही झालं. उतरताना मात्र दाजींचं एकच चाललं होतं. "हायवेला ट्रक मागं टाकते ते कळत पण नाही एवढा पिकअप आहे. मग एवढ्याशा चढाला दम का लागला?"

दम इंजिनाला लागला नव्हता. इंजिन त्या वेळी जेमतेम जागं होतं. दमला होता तो इंजिन आणि चाकं यांच्या मधला गडी. टर्बो ऑटोमॅटिक गाडी घेताना आपण इंजिनाचे आकडे पाठ करतो, पण गाडीला किती ताकद वापरू द्यायची हे पुष्कळदा हा मधला गडी ठरवतो. कॅटलॉगमध्ये छापलेला टॉर्कचा आकडा इंजिनाचा असतो अशी आपली समजूत असते. अनेक गाड्यांत तो गिअरबॉक्सचा असतो.

आधी टॉर्क म्हणजे काय ते कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या भाषेत सांगतो. एक मीटर लांबीचा पाना नटाला आडवा लावा आणि त्याच्या टोकाला साडेपंचवीस किलो वजन टांगा. त्या नटावर जो पीळ पडतो, तो साधारण २५० न्यूटन-मीटर. हॉर्सपॉवर म्हणजे हा पीळ किती वेगानं फिरतो त्याचा हिशेब. गिअरबॉक्समधल्या दात्यांना, शाफ्टांना आणि विशेषतः क्लच प्लेटींना त्रास होतो तो पिळाचा.

टर्बोनं इथं एक बदल केला. बिनटर्बोचं छोटं पेट्रोल इंजिन आपला पूर्ण पीळ चार हजार फेऱ्यांच्या आसपास देतं. तिथं पोचेपर्यंत क्लच कधीच घट्ट बसलेला असतो, घसरत नसतो. आजची बरीचशी एक लिटरची टर्बो इंजिनं १७५० फेऱ्यांच्या आसपासच पूर्ण पीळ देऊ लागतात. म्हणजे गाडी जागेवरून हलताना, क्लच अजून अर्धवट घसरत असतानाच. आणि घसरणाऱ्या क्लचवर पीळ पडला की त्याची उष्णता होते.

किती उष्णता? माणसांसकट दीड टनाची गाडी दहाला एक अशा चढावर नुसती तोलून धरायची झाली, तर क्लचपाशी साधारण तीस न्यूटन-मीटर पीळ लागतो. इंजिन हजार फेऱ्यांवर आणि चाकं जागच्या जागी असली, तर क्लचमध्ये सुमारे तीन किलोवॉट उष्णता तयार होत राहते. आपल्या बाथरूममधला गिझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे दाजी त्या दिवशी जेवणाच्या ताटापेक्षा लहान चकत्यांमध्ये दीड गिझर चालू ठेवून बसले होते, आणि तोही सुका. वास इतक्या लवकर सुटला यात नवल नाही.

आता कॅटलॉगच्या आकड्यांकडे. स्कोडा सुपर्ब २०१६ साली आपल्याकडे १.८ लिटर टर्बो पेट्रोलमध्ये आली तेव्हा मॅन्युअल गाडीचा टॉर्क ३२० न्यूटन-मीटर होता आणि ऑटोमॅटिकचा २५०. इंजिन तेच, १८० हॉर्सपॉवरही तेवढेच. ऑटोमॅटिकमध्ये बसवलेल्या सात गिअरच्या सुक्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादाच २५० होती, म्हणून इंजिनाला तिथंच लगाम घातला. २०२० मध्ये दोन लिटरचं इंजिन आलं तेव्हा गिअरबॉक्सही तेलात बुडालेल्या क्लचचा आला आणि ऑटोमॅटिकचा आकडा ३२० झाला. लहान गाड्यांतही हेच दिसतं: निसान मॅग्नाइटच्या एक लिटर टर्बोला मॅन्युअलमध्ये १६० आणि सीव्हीटी ऑटोमॅटिकमध्ये १५२.

पण यावरून 'ऑटोमॅटिक नाजूक' असा निष्कर्ष काढू नका. आपल्या जिल्ह्यात पुढाऱ्यांपासून कारखान्याच्या संचालकांपर्यंत सर्वांची लाडकी फॉर्च्युनर घ्या. २०२१ च्या २.८ डिझेलमध्ये मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५००. इथं आकडा मॅन्युअलच्या बाजूनं अडलेला आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० डिझेललाही मॅन्युअल ४२०, ऑटोमॅटिक ४५०. थार पेट्रोलला ३०० आणि ३२०. या तिन्ही ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरच्या आहेत. तेव्हा पहिला प्रश्न 'ऑटोमॅटिक आहे का' हा नाही. 'कोणत्या जातीची ऑटोमॅटिक' हा आहे, आणि शोरूममध्ये त्याचं उत्तर नीट मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

तुमच्या गाडीत कोणता आहे?

बाजारात चार जाती आहेत. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलानं भरलेला डबा असतो. एका बाजूचा पंखा तेल फेकतो, दुसऱ्या बाजूचा ते झेलून फिरतो. दोन लोखंडी चकत्या एकमेकींवर घासत नाहीत, त्यामुळं चढावर सरकणं हे त्याचं जन्मजात काम. शिवाय उभ्या गाडीला हलवताना तो इंजिनाचा पीळ जवळपास दुप्पट करून देतो. त्याची उष्णता तेलात जाते आणि तेल कूलरमधून फिरतं. मारुती फ्राँक्स टर्बो, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ पेट्रोल, हॅरियर, फॉर्च्युनर आणि चाकणला बनणाऱ्या कुशाक-टायगुनची एक लिटरची ऑटोमॅटिक या जातीच्या. मायलेजला थोडा मार बसतो. आपल्या रस्त्यांवर मी तो खुशीनं सोसेन.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात. २०१४ च्या सेलेरिओपासून तो आपल्याकडे घरोघरी पोचला. स्वस्त, दुरुस्तीला सोपा. त्याचा क्लच मात्र एखाद्या नवशिक्या ड्रायव्हरच्या हाफ क्लचसारखा झिजतो.

सीव्हीटीत दाते नसतात, दोन पुल्यांवर पोलादी पट्टा. पट्टा घसरला की पुलीवर ओरखडे, आणि ओरखडे पडले की काम संपलं. म्हणूनच पिळाला लगाम. मॅग्नाइट आणि कायगर टर्बो यात येतात.

चौथी जात दोन क्लचची, म्हणजे डीसीटी. एक क्लच १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच अडकवून ठेवलेला, त्यामुळं बदल चुटकीसरशी. चालवायला याच्याइतकी मजा दुसऱ्या कशात नाही, हे कबूल. पण यात पोटजाती दोन. ओल्या डीसीटीचे क्लच तेलात बुडालेले असतात. टाटा नेक्सॉनचा डीसीए तसा. सुक्या डीसीटीचे हवेवर थंड होतात. व्हेन्यूच्या एक लिटर टर्बोतला आणि कुशाक-स्लाव्हिया-टायगुन-व्हर्टसच्या दीड लिटर टर्बोतला डीएसजी (फोक्सवॅगन गटाचा डीसीटी) तसे. त्या दीड लिटर इंजिनाचा टॉर्क बघा: २५० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सची मर्यादा: २५०. वर पैशाचीही शिल्लक नाही.

सुक्या डीसीटीचं पूर्वचरित्र वाचण्यासारखं आहे. फोक्सवॅगननं हा सात गिअरचा डीएसजी २००८ मध्ये आणला. २०१३ च्या मार्चमध्ये चीनच्या सरकारी टीव्हीवर त्याच्या तक्रारी गाजल्या आणि कंपनीला तिथं ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायचं ठरलं, कारण उष्ण-दमट हवेत आणि रेंगाळत्या वाहतुकीत विजेचा बिघाड होऊन गाडीचा जोर जाण्याची शक्यता होती. उष्ण, दमट आणि रेंगाळती. आपला मे महिन्यातला महाद्वार रोड आठवला असेल. फोर्डच्या सहा गिअरच्या सुक्या दोन-क्लच गिअरबॉक्सची कथा तशीच. ऑस्ट्रेलियात तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीवरून २०१८ मध्ये न्यायालयानं तिथल्या फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपल्याकडच्या इकोस्पोर्टमध्येही तोच गिअरबॉक्स येत होता, २०१७ च्या नव्या अवतारात फोर्डनं तो बदलून टॉर्क कन्व्हर्टर दिला. पोलो आणि रॅपिडच्या एक लिटर टर्बोलाही २०२० मध्ये डीएसजीऐवजी टॉर्क कन्व्हर्टरच आला.

याचा अर्थ सुका डीसीटी घेऊ नये असा नाही. आज मिळणारे डीसीटी २०१३ चे नाहीत आणि हायवेवर पुण्याला-बेळगावला जाणाऱ्याला तो वर्षानुवर्षं त्रास देणार नाही. पण ज्याचं रोजचं चालवणं शाहूपुरी ते राजारामपुरी एवढंच आहे, त्यानं तो डोळे उघडे ठेवून घ्यावा.

ट्रॉल्यांच्या मागं

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कागल, हातकणंगले, राधानगरी, कुठंही जा, पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर असतोच. ताशी आठ-दहा किलोमीटर. सुक्या डीसीटीसाठी आणि एएमटीसाठी हा वेग सर्वात वाईट, कारण पहिल्या गिअरमध्येही क्लच पूर्ण बसत नाही, तो सतत थोडा घसरत राहतो. उपाय सोपा आहे, फक्त मागच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करता आलं पाहिजे. थांबा, पुढं दोन-तीन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग ॲक्सिलरेटर नीट दाबून गाडी चालू करा आणि परत पूर्ण थांबा. ब्रेक घट्ट दाबला की डीसीटी क्लच मोकळा सोडतो. ब्रेकवर नुसता पाय टेकवून सरकत राहिलात की क्लच अर्धवट चिकटलेला राहतो. गाडीत ऑटो होल्ड असेल तर तो वापरा, त्यासाठीच दिलाय.

चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलायची नाही, हे दाजींच्या कथेतून कळलंच. ब्रेक किंवा हँडब्रेक. गाडी मागं येईल ही भीती असते, पण चढावर ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय बहुतेक नव्या गाड्यांत असते. तेवढ्या वेळात पाय ॲक्सिलरेटरवर नेता येतो.

सिग्नलला दरवेळी न्यूट्रल करायची गरज नाही. मिनिटाहून जास्त थांबायचं असेल, तर करा. उतारावर न्यूट्रल मात्र कधीही नाही. करूळ, फोंडा, आंबा, आंबोली, कुठलाही घाट उतरताना मॅन्युअल मोड किंवा खालचा गिअर घ्या आणि इंजिनाचा ब्रेक लागू द्या. डीसीटीत तेव्हा क्लच घट्ट बसलेला असतो, त्याला काही होत नाही. उलट न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवायला जाणारे ब्रेक तापवून वळणावर देवाचं नाव घेताना दिसतात.

घाट चढताना टॉर्क कन्व्हर्टरची गाडी सारखी तिसऱ्या-चौथ्यात उड्या मारत असेल तर गिअर हातानं धरून ठेवा. प्रत्येक बदलात थोडी घासण असते, तेवढी वाचते.

पन्हाळ्यावर गाडी उतारावर लावताना एक क्रम पाळा. ब्रेक दाबलेलाच ठेवून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्या, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. थेट 'पी' टाकून ब्रेक सोडला की दीड टन गाडी गिअरबॉक्समधल्या अंगठ्याएवढ्या खुंटीवर लटकते. निघताना 'खट्' असा आवाज येतो, तो त्या खुंटीचा.

आणि गाडी बंद पडली तर जीपला दोर बांधून ओढत खाली आणायची नाही. इंजिन बंद असलं की ऑटोमॅटिकमधला तेलाचा पंप बंद असतो आणि चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात. सपाट ट्रकवर चढवून आणायची. दोन तास वाट बघावी लागली तरी चालेल.

स्टेज वन

आता ज्या विषयावर तरुण वाचक सर्वात जास्त प्रश्न विचारतात तो. लॅपटॉप लावून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ('स्टेज वन' रिमॅप), अर्ध्या तासात '२५० चे ३२० करून देतो' म्हणणारे बरेच आहेत. ते खोटं बोलत नाहीत. टर्बो इंजिनाचा पीळ हवेच्या दाबावर ठरतो, आणि तो दाब सॉफ्टवेअरच्या हातात असतो. दाब वाढवला, पेट्रोल वाढवलं, पीळ वाढला. मॅन्युअल सुपर्बनं तर ३२० कंपनीच्याच वॉरंटीत दिले होते. इंजिनाला ते झेपतं.

प्रश्न पुढच्या गड्याचा. ऑटोमॅटिकमध्ये दोन संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. इंजिनाचा संगणक सांगतो, 'मी आता २०० न्यूटन-मीटर पाठवतोय', आणि गिअरबॉक्सचा संगणक त्या हिशेबानं क्लच किती जोरात दाबायचा ते ठरवतो. गिअर बदलताना तोच उलट सांगतो, 'क्षणभर पीळ कमी कर'. रिमॅप करणारा जाणकार असेल तर तो दोन्ही संगणकांचे तक्ते बदलतो, निदान पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पीळ आवरता ठेवतो. पण सेन्सरच्या वायरमध्ये अडकवायची स्वस्त डबी काय करते? ती इंजिनाच्या संगणकाला हवेचा दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवते. बिचारा दाब वाढवतो. प्रत्यक्षात पीळ २८० झालेला असतो, गिअरबॉक्सला निरोप मिळतो २३० चा. तो २३० च्या हिशेबानं क्लच दाबतो आणि क्लच घसरतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना फेऱ्यांचा काटा उडी मारतो आणि वेग मागं राहतो, तो हाच प्रकार.

शर्यतीतल्या लोकांकडून एक शिकण्यासारखं आहे. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते ज्यात धावला त्या फोक्सवॅगनच्या अमिओ कपच्या गाडीत १.८ लिटरचं २०५ हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन होतं. त्याला जोडलेला गिअरबॉक्स रस्त्यावरच्या गाडीतला सुका डीएसजी नव्हता, खास शर्यतीचा सिक्वेन्शियल होता. इंजिनाची ताकद वाढवायची तर मधला गडीही बदलावा लागतो, हे शर्यतवाले मुकाट्यानं मान्य करतात. आपण मात्र पंचवीस हजारांत दोन्ही गोष्टी होतील असं धरून चालतो. करायचंच असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा ओल्या क्लचच्या गाडीत, मर्यादेच्या आत आणि वॉरंटी गेली हे गृहीत धरून करा. सुक्या डीसीटीत आणि सीव्हीटीत माझं उत्तर नाही असंच आहे. सर्व्हिस सेंटरला कळणार नाही या भरवशावरही राहू नका. जुनं सॉफ्टवेअर परत घातलं तरी बदलाची खूण राहू शकते.

तेल, बॅटरी आणि पहिली लक्षणं

'गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं' हे वाक्य ज्याच्या तोंडी ऐकाल, त्याला कोणाचं आयुष्य ते विचारा. टॉर्क कन्व्हर्टर आणि ओला डीसीटी यांचं तेल घाटाच्या आणि गर्दीच्या वापरात साठ हजार किलोमीटरच्या आत बदलावं. सीव्हीटीत कंपनीनं सांगितलेलंच तेल. दुसरं घातलं तर पट्ट्याची पकड बदलते. पातळी तपासायची तर गाडी सपाट जमिनीवर, इंजिन चालू आणि तेल ठरलेल्या तापमानाला, हे पाळणारं गॅरेज शोधा. लाखभर किलोमीटर कधीच तेल न बदललेली गाडी मशिन लावून फ्लश करू देऊ नका, नुसतं काढून भरा.

सुक्या डीसीटीबाबत एक गैरसमज आहे. गाडी थरथरते म्हणून तेल बदलून घेणारे भेटतात. त्याच्या प्लेटींपर्यंत तेल जातच नाही. दाते आणि यंत्रणा यांचं तेल वेगळं, आणि थरथर असते प्लेटींची. त्याला संगणकावरून क्लचची जुळणी नव्यानं करणं हा पहिला उपाय, प्लेटी बदलणं हा दुसरा.

लक्षणं लवकर ओळखता आली तर हजारांत भागतं, नाही तर लाखात जातं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर असेल तर सुक्या क्लचचा संशय. साठ-ऐंशीच्या वेगात, हलक्या पायानं चालवताना रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टरचा आतला लॉक क्लच किंवा तेल. 'आर' टाकल्यावर दोन सेकंदांनी धक्का बसून गाडी हलली तर तेलाचा दाब. सीव्हीटीत वेगाबरोबर वाढत जाणारा घूं आवाज बेअरिंगचा किंवा पुलीचा. आणि डीएसजीत गिअरचं चिन्ह लुकलुकून गाडी एकदम मोकळी पडली, स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड आला, तर बहुधा यंत्रणेतल्या दाब साठवणाऱ्या टाकीची गळती. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगणाऱ्याकडून गाडी घेऊन निघा.

मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी बॅटरी तपासा. अशक्त बॅटरीवर हे संगणक वेडेवाकडे कोड दाखवतात. चार-पाच हजारांच्या बॅटरीनं बऱ्या झालेल्या गिअरबॉक्सच्या गोष्टी कुठल्याही जाणत्या मेस्त्रीकडे असतात.

पुराचं पाणी

हा भाग दुसऱ्या जिल्ह्यातल्या लेखात आला नसता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती कितीतरी ओलांडली गेली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वरच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. गाडी पाण्यात उभी राहिली की तिथून पाणी आत जातं. टॉर्क कन्व्हर्टर आणि ओल्या डीसीटीमधल्या प्लेटींवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं, ते पाण्यानं सुटतं. सुक्या डीसीटीत चिखल थेट क्लचमध्ये.

पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका, नुसती चावी फिरवूनसुद्धा नाही. बॅटरीची तार काढा, सपाट ट्रकवरून न्या, आणि इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचं तेलही काढून बघायला सांगा. लाल तेल गुलाबी, ताकासारखं झालं असेल तर पाणी आत गेलंय. विम्याचा मुद्दा जूनच्या आधी मिटवा: साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही, आणि पाण्यानं झालेल्या आतल्या नुकसानीसाठी वेगळं इंजिन संरक्षण कव्हर लागतं. त्यात 'गिअरबॉक्स' हा शब्द लिहिलेला आहे का ते वाचा. पाण्यातली गाडी चालू करण्याचा प्रयत्न केला असेल तर दावा अडू शकतो, हेही त्याच कागदावर असतं.

जुनी गाडी, आणि भांडायची वेळ

जुन्या बाजारात २०२० पूर्वीची पोलो जीटी टीएसआय आणि १.८ ऑक्टाव्हिया अजून मोहात पाडतात, दोन्हींत सुका डीएसजी. घेण्याआधी गाडी थंड असताना चालू करा, मग निदान अर्धा तास चालवा. क्लचचं खरं रूप तापल्यावर दिसतं. तावडे हॉटेलपासून हायवेवर दहा मिनिटं, आणि मग मुद्दाम शहरातल्या गर्दीत. एखाद्या चढावर थांबून गाडी पुढंही काढा आणि रिव्हर्सही चढवा. रिव्हर्समधली थरथर विक्रेत्याला लपवता येत नाही. सीटखालचे बोल्ट आणि सीटबेल्टचा तळ गंजलेला किंवा चिखलाचा असेल तर गाडी पुरातली समजा. ऐंशी हजार किलोमीटरला क्लच बदलल्याचं बिल असेल, तर मी त्या गाडीचे थोडे जास्त पैसे देईन.

नवी गाडी वॉरंटीत असताना बिघडली तर तोंडी काही सांगू नका. प्रत्येक वेळी जॉब कार्डवर लक्षण शब्दांत लिहून घ्या: 'तापल्यावर पहिल्या-दुसऱ्यात थरथर' असं, नुसतं 'गिअर चेक करणे' नाही. स्कॅनरचे कोड छापून किंवा फोटो काढून घ्या. 'असंच असतं सर, या गिअरबॉक्सचा स्वभावच आहे' असं उत्तर आलं तर तेही कार्डावर लिहून मागा. बहुतेक वेळा तिथंच त्यांना दुसरा उपाय आठवतो. नाहीच आठवला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग, जिथं ५० लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूची तक्रार चालते, आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. जॉब कार्डं तारखेनिशी जपून ठेवलेला ग्राहक तिथं वेगळाच दिसतो.

दाजींनी दुसऱ्याच दिवशी गाडी दाखवली. प्लेटी वाचल्या होत्या, जुळणी करून मिळाली. क्लचची झीज स्कॅनरवर दिसते हे कळल्यावर त्यांनी तो आकडा कार्डावर लिहून घेतला आणि कार्ड समोरच्या कप्प्यात ठेवलं. आता रविवारी जोतिबाला जायचं म्हटलं की ते सहा वाजता निघतात.